आमच्या वाचनालयाचा रविवारचा इतिहास वर्ग : विषय, पोप आणि राजे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी इतिहासाचा वर्ग भरतो. अमरावतीच्या एका महाविद्यालयातून निवृत्त होऊन गावी परतलेले प्राध्यापक तो घेतात. एक विषय धरला की दोन-अडीच महिने तोच चालतो. दिवाळीनंतर त्यांनी जो विषय घेतला तो फळ्यावर असा लिहिला होता : ‘मध्ययुगातला युरोप : पोप आणि राजे यांच्यातला सत्तेचा झगडा’. फळा वाचून गावातले बरेच जण म्हणाले, कापूस घरात यायचे दिवस, अन् हे कुठलं पोपाचं लचांड? पुढच्या वेळी नाव घालावं की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो : घाला. महिन्याचे २०० रुपये आहेत, नोट्सच्या झेरॉक्सचे पैसे वेगळे, आणि ते पैसे वसूल होतात.

मी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव. ठराव लिहिणं, प्रोसिडिंग पूर्ण करणं, पीककर्जाच्या याद्या लावणं, सह्या घेणं, यातच माझी नोकरी चालली आहे. नेमणूक एकाच्या सहीने, काम दुसऱ्याच्या हुकमाने आणि पगार तिसऱ्याच्या खिशातून, अशी माझी खुर्ची. त्यामुळे पहिल्याच रविवारी सरांनी जेव्हा सांगितलं की हे भांडण देवाधर्माच्या नावाने झालं पण पेटलं ते बिशपची, म्हणजे एकेका भागातल्या चर्चच्या प्रमुखाची, नेमणूक कोणी करायची यावरून, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली ती विषय संपेपर्यंत मागे नेली नाही.

सरांची शिकवायची रीत मला सगळ्यात जास्त आवडली. ते गोष्ट सांगत सुटत नाहीत. आधी कागद वाचायला देतात. पोपचं पत्र, राजाचं उत्तर, तहाची कलमं. सरांनी स्वतः मराठी केलेली, दोन-तीन पानी. ती मोठ्याने वाचायची, प्रत्येकाने एकेक कलम. मग सर दोनच प्रश्न विचारतात. यात नेमणूक कोणाची? आणि जमिनीचं उत्पन्न कोणाकडे जातं? या दोन प्रश्नांवर सगळा विषय उभा केला त्यांनी, आणि तो शेवटपर्यंत डळमळला नाही.

सुरुवात झाली ४९४ सालच्या एका पत्रापासून. पोप गेलेसियसने पूर्वेकडच्या रोमन सम्राटाला, अनास्तासियसला, लिहिलं होतं की जग दोन सत्तांनी चालतं : पुरोहितांचा अधिकार आणि राजाची सत्ता. आणि पुरोहितांवरचा भार जास्त जड, कारण देवापुढे राजांचाही जबाब त्यांनाच द्यायचा आहे. पुढे ८०० सालच्या नाताळात रोममध्ये पोप तिसऱ्या लिओने फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या डोक्यावर सम्राटपदाचा मुकुट ठेवला. मुकुट ठेवणारा मोठा की तो घालणारा, हा प्रश्न त्या दिवशीच तयार झाला असं सर म्हणाले. हा भाग त्यांनी भराभर घेतला आणि ते बरंच केलं, कारण खरी गंमत अकराव्या शतकात आहे.

राजाला बिशप आपला का हवा, हे मला इतकं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. जर्मनीत बिशपांकडे आणि मठांकडे मोठमोठ्या जमिनी होत्या, न्यायदानाचे हक्क होते, जकात होती. सरदाराला जमीन दिली की ती त्याच्या मुलाकडे जाते, नातवाकडे जाते आणि राजाच्या हातून सुटते. बिशपला कायदेशीर वारस नाही. तो मेला की जागा मोकळी, राजा पुन्हा आपला माणूस नेमणार. त्यामुळे राजाचा कारभार आणि लढाईसाठी लागणारे स्वार यांचा मोठा आधार ही बिशप मंडळी होती. राजा नव्या बिशपच्या हातात अंगठी आणि दंड देत असे. अंगठी म्हणजे चर्चशी लग्न लागल्याची खूण, दंड म्हणजे मेंढपाळाची काठी. सुधारणा मागणाऱ्या पाद्र्यांना तेच खटकत होतं. ज्याने दीक्षा घेतलेली नाही अशा माणसाने ही पवित्र चिन्हं द्यायचीच कशी? त्यात पैसे घेऊन पदं विकायचा धंदा सर्रास चाललेला. सरांनी फळ्यावर खडूने अंगठी आणि वरून वाकलेला दंड काढला, आणि तो पुढचे कितीतरी रविवार कोणी पुसला नाही.

दुसरी बाजूही त्यांनी तितकीच ठासून सांगितली. १०४६ साली जर्मन राजा तिसरा हेन्री इटलीत उतरला तेव्हा पोपपदावर तिघांचा दावा होता. त्याने तिघांनाही बाजूला सारून आपल्या पसंतीचा पोप बसवला. म्हणजे तेव्हा पोपची नेमणूकच राजाच्या हातात होती. तेरा वर्षांनी, १०५९ साली, पोप दुसऱ्या निकोलसने नियम केला की पोप कार्डिनलांनी, म्हणजे पोपच्या खालोखालच्या बड्या पाद्र्यांनी, निवडायचा. एका कागदाने राजाचा हात खुर्चीवरून निघाला. हा कागद वाचताना मला जो आनंद झाला तो माझ्या पेशाच्या माणसालाच कळेल.

मग पोप ग्रेगरी सातवा. त्याच्या पत्रनोंदवहीत १०७५ सालच्या नोंदींमध्ये २७ वाक्यांची एक यादी आहे. आम्ही ती एकेक करून वाचली. पोप सम्राटाला पदावरून काढू शकतो. सगळ्या राजांनी फक्त पोपच्याच पायांचं चुंबन घ्यावं. पोपचा न्याय कोणीही करू शकत नाही. आणि शेवटचं, अन्यायी राज्यकर्त्याला वाहिलेल्या निष्ठेच्या शपथेतून तो प्रजेला मोकळं करू शकतो. सरांनी या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारायला लावली. त्यांनी ती का मारायला लावली ते दोन रविवारांनी कळलं.

समोर होता तिसऱ्या हेन्रीचा मुलगा, जर्मनीचा राजा चौथा हेन्री. बाप मेला तेव्हा पुरता सहा वर्षांचाही नव्हता. १०६२ साली कोलोनच्या आर्चबिशपने, म्हणजे बिशपांच्याही वरच्या बिशपने, त्या पोराला होडी दाखवायच्या निमित्ताने चढवलं आणि पळवून नेलं. पोराने ऱ्हाइन नदीत उडी टाकली, त्याला ओढून बाहेर काढलं. असा वाढलेला राजा पुढे कोणावर भरवसा ठेवेल? १०७५ साली त्याने मिलानला आपला आर्चबिशप नेमला, पोपने जाब विचारला, आणि जानेवारी १०७६ मध्ये वर्म्सला जमलेल्या जर्मन बिशपांनी राजाच्या बाजूने पोपचा धिक्कार केला. राजाच्या पत्राची सुरुवातच अशी की हिल्डेब्रांडला (हे ग्रेगरीचं पोप होण्याआधीचं नाव), जो आता पोप नाही, खोटा साधू आहे. शेवट, गादीवरून खाली उतर. पोपने फेब्रुवारीत उलट हुकूम काढला : राजा चर्चमधून बहिष्कृत, त्याचा राज्यकारभार बंद, आणि प्रजा शपथेतून मोकळी.

इथे वर्गातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने, आमच्या एका काकाजींनी, हात वर केला. “सर, पोपाजवळ ना फौज, ना पैसा. मंग एवढा मोठा राजा त्याले भेला काहून?”

या एका प्रश्नाला सरांनी राहिलेला सगळा तास दिला. मला वाटतं पूर्ण वर्गातला तो सर्वोत्तम तास. राजा पोपला भ्याला नाही, तो आपल्याच सरदारांना भ्याला. सॅक्सनीचे सरदार आधीच बंड करून बसले होते, दक्षिणेकडच्या ड्यूकांनाही, म्हणजे मोठ्या प्रांतांच्या सरदारांनाही, राजा जड झाला होता. पण शपथ मोडणं हे पाप. पोपच्या कागदाने त्यांना शपथ मोडायची मुभा मिळाली. ऑक्टोबर १०७६ मध्ये हे सरदार ट्रिबुरला जमले आणि ठरवलं की बहिष्कार पडल्यापासून वर्षाच्या आत राजाने तो उठवून घेतला नाही तर त्याला राजा मानायचं नाही. शिवाय २ फेब्रुवारी १०७७ ला आउग्सबर्गला सभा बोलावली आणि पोपलाच तिथे यायचं निमंत्रण दिलं. पोप सरदारांच्या मधोमध येऊन बसला असता तर हेन्रीचं राज्य गेलंच होतं. म्हणून त्याला पोप जर्मनीत पोचायच्या आत गाठायचा होता. काकाजी म्हणाले, “म्हंजे मुदत सरून रायली होती.” सर म्हणाले, “बरोबर, मुदतच.”

कानोसाचा, म्हणजे इटलीतल्या ज्या किल्ल्यावर राजाने पोपला गाठलं त्याचा, भाग मी वर्गात ऐकला आणि पुन्हा रात्री वावरात ऐकला. वर्गाचं रेकॉर्डिंग सभासदांच्या फोनवर येतं. आमच्याकडे कृषिपंपाची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावून मी धुऱ्यावर बसलो, पाइप बदलायची वेळ होईपर्यंत कानात सरांचा आवाज. डिसेंबरची थंडी, गमछा कानाला बांधलेला, आणि तिकडे हेन्री भर हिवाळ्यात बायको आणि तीन वर्षांचंही न झालेलं पोर घेऊन आल्प्स पर्वत ओलांडतो आहे. मों सनीच्या खिंडीतून उतरताना बायकांना बैलांच्या कातड्यांवर बसवून बर्फावरून ओढत खाली नेलं, असं लॅम्पर्ट नावाच्या एका भिक्षूने लिहून ठेवलं आहे. सर लगेच बजावतात की लॅम्पर्ट हेन्रीच्या विरोधातला, त्याचं वर्णन जपून घ्या. पण कानोसाच्या दारातला प्रसंग खुद्द पोपच्या पत्रात आहे. जानेवारीच्या अखेरीस राजा तीन दिवस किल्ल्याच्या दाराशी उभा होता, राजवेष उतरवलेला, पाय अनवाणी, अंगात लोकरीचं साधं वस्त्र. आत टस्कनीची मातिल्डा, तिचाच तो किल्ला, आणि क्लुनीचा मठाधिपती ह्यू, जो हेन्रीचा धर्मपिता होता. दोघे राजासाठी रदबदली करत होते. पोप स्वतः लिहितो की जवळचे लोक त्याला म्हणू लागले, ही धर्मगुरूची कठोरता नाही, हे जुलमी माणसाचं क्रौर्य आहे. स्वतःवरचा हा आरोप त्याने स्वतःच्या पत्रात लिहून ठेवला, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

पोपने माफी दिली. द्यावीच लागली, कारण पश्चात्ताप करणाऱ्याला पुरोहित नाकारू शकत नाही. आणि तिथेच हेन्रीने बाजी मारली. सरदारांची मुदत टळली. आमच्या वर्गात एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी आहे, तिने विचारलं, “सर, मग जिंकलं कोण?” सर म्हणाले, पुढची वर्षं पाहू आणि मग तूच सांग. मार्च १०७७ मध्ये सरदारांनी तरीही आपल्यातल्याच एका ड्यूकला, रुडॉल्फला, दुसरा राजा निवडलं. १०८० साली पोपने हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केलं, पण या वेळी जर्मनीत तितकी खळबळ उडाली नाही. त्याच वर्षी लढाईत रुडॉल्फचा उजवा हात तुटला आणि तो मेला. ज्या हाताने त्याने हेन्रीशी निष्ठेची शपथ घेतली तोच हात गेला, असं लोक बोलू लागले. १०८४ साली हेन्रीने रोम घेतलं, आपला पोप बसवला, त्याच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घेतला. ग्रेगरीला सोडवायला आलेल्या नॉर्मन फौजेने शहर लुटलं आणि जाळलं, त्यामुळे रोमच्या लोकांचा रोष पोपवरच आला. तो सालेर्नोला २५ मे १०८५ ला परागंदा अवस्थेत वारला. हेन्रीचाही शेवट काही बरा नाही. पोटच्या पोराने, पाचव्या हेन्रीने, त्याला गादी सोडायला लावली. तो ११०६ साली बहिष्कृत असतानाच मेला, आणि श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये बापजाद्यांशेजारी त्याचं दफन व्हायला ११११ साल उजाडलं. त्या मुलीने पुढच्या रविवारी उत्तर आणलं : दोघंही हरले, सरदार जिंकले. सरांनी तिला पुढे बोलावून ते सगळ्यांसमोर मांडायला लावलं. शाबासकी द्यायची ही रीत मला फार भावली.

शेवटी तोडगा निघाला तो २३ सप्टेंबर ११२२ ला, वर्म्सला. दोन कागद, एक पोपचा, एक सम्राटाचा. सम्राटाने अंगठी आणि दंड सोडले. बिशप चर्चने निवडायचा. पण जर्मनीत ती निवड सम्राटाच्या समोर व्हायची, आणि जमीन, न्यायाचे हक्क, उत्पन्न हे सम्राटाने राजदंडाने द्यायचं, तेही धर्मविधी व्हायच्या आधी. इटलीत आणि बर्गंडीत मात्र विधी आधी, राजदंड सहा महिन्यांच्या आत. या आधी-नंतरमध्ये सगळी मेख आहे. जिथे राजाचं देणं आधी, तिथे नको असलेल्या माणसाला तो अडकवून ठेवू शकतो. मी आयुष्यभर जावक क्रमांक आणि तारखा पाहत आलो, पण तारखेच्या क्रमात सत्ता कशी बसलेली असते हे त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

इंग्लंडचा भाग सरांनी जानेवारीत घेतला. त्यातली एक गोष्ट तर मी घरी सगळ्यांना सांगितली. कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, १०८९ साली वारला तेव्हा राजा विल्यम रूफसने जागा भरलीच नाही. रिकाम्या जागेचं उत्पन्न राजाकडे जातं, मग घाई कशाला? चार वर्षं खुर्ची रिकामी. १०९३ साली राजा आजारी पडला, मरणाची भीती वाटली, आणि एकाएकी त्याने अँसेल्मला नेमायचं ठरवलं. अँसेल्म नको म्हणत होता. त्याला ओढत राजाच्या पलंगाशी नेलं, त्याने मूठ आवळून धरली, बिशपांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला आणि शेवटी मिटलेल्या मुठीवरच दंड दाबून धरला. त्याच्याबरोबर राहणाऱ्या ईडमर नावाच्या भिक्षूने हे लिहून ठेवलं आहे. माझी बायको म्हणाली, रिकामी जागा न भरायची युक्ती तेव्हापासूनची आहे म्हणायची.

कँटरबरीचाच पुढचा एक आर्चबिशप थॉमस बेकेट, त्याची हकीकत बऱ्याच जणांनी थोडीफार ऐकलेली असते. सरांनी ती खुनापासून सुरू केली नाही, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११६४ साली चर्चपुढे ठेवलेल्या क्लॅरेंडनच्या १६ कलमांपासून केली. पाद्र्याने खून केला, चोरी केली, तर खटला कोणाच्या कोर्टात? चर्चचं कोर्ट रक्त सांडणारी शिक्षा देत नसे; फार तर दीक्षा काढून घेई. आणि डोक्यावर मुंडन केलेला प्रत्येक छोटामोठा कारकूनही पाद्रीच धरला जाई. दुसऱ्या हेन्रीचं म्हणणं : आरोप माझ्या कोर्टात नोंदवा, खटला तुमच्याकडे चालवा, दोषी ठरला की दीक्षा काढा आणि शिक्षेसाठी माझ्याकडे परत पाठवा. बेकेटचं म्हणणं : एका गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा शिक्षा नाही. आम्ही वर्गात यावर हात वर करून मत घेतलं. बहुतेक हात राजाकडे गेले, माझाही. पण बाकीची कलमं वाचल्यावर काही हात खाली आले. राजाच्या परवानगीशिवाय बिशपने देश सोडायचा नाही. राजाच्या संमतीशिवाय अपील आर्चबिशपच्या पुढे, म्हणजे पोपकडे, न्यायचं नाही. रिकाम्या गादीचं उत्पन्न राजाचं. न्यायाच्या एका चांगल्या कलमामागे बाकीची कशी ओळीने उभी होती हे दिसलं.

बेकेट आधी राजाचा चॅन्सलर, म्हणजे राजाच्या कागदपत्रांचा मुख्य कारभारी, आणि जिवलग दोस्त. ११६२ साली राजानेच त्याला आर्चबिशप केलं, आणि त्याच माणसाने राजाला आडवं धरलं. सहा वर्षं फ्रान्समध्ये परागंदा. ११७० साली युवराजाचा राज्याभिषेक कँटरबरीचा हक्क डावलून यॉर्कच्या आर्चबिशपने केला, त्यावरून पुन्हा पेटलं. २९ डिसेंबर ११७० ला चार सरदारांनी त्याला कॅथेड्रलमध्येच कापलं. मधे पडलेल्या एडवर्ड ग्रिम नावाच्या पाद्र्याचा हात जखमी झाला आणि त्यानेच पुढे डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. ‘या कटकट्या पाद्र्यापासून माझी सुटका कोणी करेल का?’ असं राजाच्या तोंडचं म्हणून जे वाक्य पुढे प्रसिद्ध झालं ते तेव्हाच्या नोंदींत तसं नाही, हेही सरांनी सांगितलं. ११७३ साली बेकेट संत ठरला. ११७४ च्या जुलैत राजा अनवाणी कँटरबरीत चालत गेला आणि समाधीपाशी भिक्षूंकडून पाठीवर फटके घेतले. आणि गुन्हेगार पाद्र्यांचा मुद्दा? तो बऱ्याच अंशी चर्चकडेच राहिला. जिवंत बेकेटला जे मिळालं नाही ते त्याच्या समाधीने मिळवलं.

मला आतून हलवलं ते मात्र जॉन राजाच्या प्रकरणाने. कँटरबरीचा आर्चबिशप कोण यावरूनच पुन्हा वाद. पोप तिसऱ्या इनोसंटने स्टीफन लँग्टनला नेमलं, जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. पोपने मार्च १२०८ मध्ये सगळ्या इंग्लंडवर धर्मबंदी घातली. ती उठली जुलै १२१४ मध्ये. सहा वर्षांहून जास्त काळ चर्चमधली उपासना बंद. बाळांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याची पापकबुली एवढंच चालू. माणूस मेला तर पवित्र भूमीत जागा नाही, खंदकाकडेला, रस्त्याकडेला पुरायचा. राजाने तोवर चर्चची मालमत्ता जप्त करून त्यातून पैसा काढला, आणि पोपही मागे हटला नाही. भांडण दोघांचं, आणि खेड्यातल्या म्हातारीला तिच्या नवऱ्यासाठी दोन मंत्र म्हणायला कोणी नाही. १२१३ साली जॉन शेवटी नमला, तोही असा, की आपलं राज्यच पोपला देऊन त्याचा मांडलिक म्हणून परत घेतलं; वर्षाला १००० मार्क खंडणी कबूल केली. आणि मग १२१५ साली सरदारांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारा करार, लिहून घेतला तेव्हा पोप राजाच्या बाजूने उभा राहिला आणि तो करारच रद्द ठरवला. लँग्टन, पोपने नेमलेला, तो मात्र करारासाठी खटपट करणाऱ्यांत होता. नेमणूक केली म्हणजे माणूस कायमचा आपला झाला असं होत नाही, हे बेकेटवरून राजा शिकला होता. लँग्टनवरून पोपला शिकावं लागलं.

आता उणीवा. फ्रान्सचा चौथा फिलिप आणि पोप आठवा बोनिफेस हा भाग एकाच रविवारात गुंडाळला, आणि ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. १२९६ साली पोपने फर्मान काढलं की त्याच्या परवानगीशिवाय राजांनी पाद्र्यांवर कर बसवायचा नाही. फिलिपने सोन्याचांदीची निर्यात बंद केली, रोमला जाणारा पैसा अडला, आणि वर्षभरात पोपला माघार घ्यावी लागली. त्याच १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली आणि अल्लाउद्दीन खिलजीची धाड देवगिरीवर आली, असं सरांनी सहज सांगितलं तेव्हा सगळी खोली एकदम सावरून बसली. अशा जोडण्या त्यांनी आणखी कराव्यात. तेराव्या शतकात इकडे रिद्धपूरला लीळाचरित्र लिहिलं जात होतं, तो गाव आमच्यापासून लांब नाही. त्याच्या शेजारी त्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक ठेवला असता, ज्याने बहिष्कृत असतानाच १२२९ साली तह करून जेरुसलेम मिळवलं, तर काळ कसा डोळ्यांसमोर उभा राहिला असता! फ्रेडरिकला तर जेमतेम दहा मिनिटं मिळाली.

बोनिफेसचं पुढे असं झालं. १३०२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने जाहीर केलं की मोक्षासाठी प्रत्येक माणसाने पोपच्या अधीन असणं आवश्यक आहे. इतका मोठा दावा, आणि दहा महिन्यांत, सप्टेंबर १३०३ ला, फिलिपचा मंत्री नोगारे आणि रोममधल्या कोलोना घराण्याचा शियारा हे शिपाई घेऊन अनान्यीला पोपच्या वाड्यात घुसले. शियाराने पोपला थोबाडीत मारली अशी कथा आहे. सरांनी ती कथा म्हणूनच सांगितली. गावकऱ्यांनी पोपला सोडवलं, पण महिनाभरात तो वारला. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोपचं बस्तान रोम सोडून आव्हिन्योंला, आजच्या फ्रान्समध्ये. ग्रेगरीपुढे एक राजा बर्फात उभा राहिला आणि सव्वादोनशे वर्षांनी दुसऱ्या राजाची माणसं पोपच्या खोलीत शिरली. मधल्या काळात काय बदललं? राजांकडे कर आला, कायदा शिकलेले नोकर आले, १३०२ साली फिलिपने पॅरिसला बोलावलेल्या सभेत शहरातले लोकही आले. हे कारण सरांनी सांगितलं, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि तेवढ्यात लाईट गेली. या भागाला निदान दोन रविवार हवेत.

नकाशा सुधारायला हवा. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन आल्प्स नुसता काळा डाग झाला आहे. नुसत्या हेन्रींची एक वंशावळ एका पानावर द्यावी : जर्मनीचे तिसरा, चौथा, पाचवा, इंग्लंडचे पहिला आणि दुसरा. नव्या माणसाचा पहिले दोन रविवार फार गोंधळ होतो. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर येते आणि मागच्या बाकांवरचे प्रश्न ऐकूच येत नाहीत. सरांनी प्रश्न एकदा मोठ्याने परत म्हणावा, एवढ्याने काम होईल. जिना अरुंद आहे, कठड्याला हात धरायला नीट जागा नाही. गुडघ्याचा त्रास असणाऱ्या मंडळींसाठी वर्ग खाली वाचनकक्षात घेता आला तर पाहावं. महिलांसाठी स्वच्छतागृह खालीच आहे आणि रविवारी त्याची किल्ली शिपायाकडे असते. वर्गात येणाऱ्या ताईंची संख्या वाढायची असेल तर हे आधी करा.

चांगलं तेही नोंदवतो. ग्रंथपाल मॅडम वर्गाच्या आदल्या दिवशी त्या विषयाची वाचनालयात असलेली पुस्तकं आणि कोशाचे खंड काढून टेबलावर मांडून ठेवतात. सर कोणाच्याही प्रश्नाला हसत नाहीत. धर्माचा विषय असूनही खोलीत एकदाही कोणाच्या धर्मावर वेडंवाकडं बोलणं झालं नाही. वर्गात येणारे एक ख्रिस्ती गुरुजी आहेत, त्यांनी बिशपची दीक्षा, पापकबुली, बहिष्कार यांचा अर्थ उपासनेच्या अंगाने समजावला, आणि सरांनी त्यांना अर्धा तास दिला. त्यांचं ऐकल्यावर ग्रेगरीकडे नुसता सत्तेचा भुकेला म्हणून पाहता येईना. पदं विकली जाऊ नयेत हा त्याचा आग्रह खरा होता. मरताना तो म्हणाला म्हणतात, न्यायावर प्रेम केलं, अन्यायाचा द्वेष केला, म्हणून परक्या जागी मरतो आहे. मला त्याचा राग येतो आणि आदरही वाटतो, दोन्ही.

शाळा-कॉलेजच्या परीक्षेसाठी तयार उत्तरं हवी असतील तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. इथे कलमं वाचावी लागतात आणि मत द्यावं लागतं. सातवी-आठवीच्या पुढच्या कोणालाही समजेल अशी भाषा आहे. पुढचा विषय मार्चमध्ये सुरू होईल. नाव ग्रंथपाल मॅडमकडे संध्याकाळी पाच ते सातमध्ये घालायचं, पैसे रोख किंवा फोनवरून. आणि संचालक मंडळाला एक विनंती : नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वर्ग सकाळी अकराऐवजी दुपारी तीनला ठेवा. सकाळी वेचणीचा कापूस मोजायचा असतो, मजुरांचा हिशोब असतो. त्या वेळेमुळे आमच्या गावचे निदान चार-पाच जण इच्छा असून येऊ शकले नाहीत, आणि त्यातले दोघं मला अजून कानोसाचं रेकॉर्डिंग मागत आहेत.